दोन्ही वेळा तेच उत्तर

मुलीच्या पिशवीतले छत्तीस फॉर्म मी तिला न विचारता उचलले आणि खालच्या दुकानात जाऊन सगळ्यांच्या झेरॉक्स काढून आणल्या. उपकार म्हणून. माझ्या हातून आजवर जी काही नुकसानं झाली ती बहुतेक उपकार करतानाच झाली, असं बायकोचं मत आहे आणि तिच्याकडे पुरावे आहेत.

आमची चाळ लालबागची. मी एका शाळेत क्लार्क आहे, पण चाळीत मला सगळे मास्तर म्हणतात. शाळेत जातो तो मास्तर, एवढाच हिशेब. त्यामुळे चाळीतला प्रत्येक फॉर्म माझ्याकडे येतो. रेशनचा, पेन्शनचा, हयातीच्या दाखल्याचा, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे गिरणी कामगारांच्या घरांचा. गिरण्या गेल्या, तिथे काचेच्या इमारती आल्या, आणि म्हाताऱ्या कामगारांच्या वाट्याला लॉटरीचे अर्ज आले. तो अर्ज एकदा भरून भागत नाही. दर काही वर्षांनी परत माहिती मागवतात. आमच्या मजल्यावरच्या एका काकांनी एकदा दाखल्यावरची जन्मतारीख लिहिली आणि एकदा आईने सांगितलेली. दोन कागदांत तफावत आली आणि अर्ज बाजूला पडला. तेव्हापासून मी चाळीत नियमच घालून दिला. फॉर्म भरला की झेरॉक्स काढायची. परत कोणी विचारलं की झेरॉक्स समोर ठेवायची आणि तेच्या तेच उतरवायचं. डोकं चालवायचं नाही.

हा नियम चाळीने इतका पाळला की मला त्याचा अभिमान वाटायचा.

मुलगी मानसशास्त्रात एम.ए. करते. तिचा प्रबंध होता एका प्रश्नावलीवर. म्हाताऱ्या माणसांना किती एकटं वाटतं हे मोजणारी वीस प्रश्नांची प्रश्नावली तिने मराठीत आणली होती, आणि ती आपल्याकडच्या माणसांवर नीट चालते का हे तिला तपासायचं होतं. प्रत्येक प्रश्नापुढे चार चौकटी: कधीच नाही, क्वचित, बऱ्याचदा, नेहमी. छत्तीस म्हाताऱ्या माणसांकडून एकदा भरून घ्यायची, आणि तीन आठवड्यांनी त्यांच्याकडूनच पुन्हा.

"पुन्हा कशाला? एकदा दिलं ना उत्तर?" मी संध्याकाळच्या चहाला विचारलं.

"पप्पा, वजनकाटा घे. आज सत्तर, उद्या पंचाहत्तर, परवा पासष्ट दाखवायला लागला, तर तू त्या काट्यावर विश्वास ठेवशील?"

"पासष्ट दाखवेल त्या दिवशी ठेवीन."

"सिरियसली ऐक. तू तसाच राहिलास आणि आकडा बदलला, तर काटा खराब. तू तसाच आणि आकडाही साधारण तसाच, तर काट्यात विश्वसनीयता आहे. प्रश्नावलीचंही तेच. म्हणून मधे किती दिवस सोडायचे ते महत्त्वाचं. लगेच गेलं तर माणसं आधीचं आठवून लिहितात. फार उशिरा गेलं तर माणूसच बदललेला असतो."

बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि रोज नेमका पाच किलो कमी दाखवणारा काटा असेल तर?"

"तो विश्वसनीय, आई. पण खोटा."

"म्हणजे तुझे पप्पा. रोज सांगतात सातला येतो, रोज येतात आठला. नेम एकदम पक्का."

आमच्याकडे ज्ञानाची गोष्ट निघाली की शेवटी ती माझ्यावर येऊन बसते. तरीही त्या दिवशी मला बरं वाटलं. पोरगी काहीतरी नीट, मापात बसणारं शिकत होती.

पहिल्या फेरीला ती दोन रविवार चाळीत आणि शेजारच्या चाळीत दारोदार फिरली. फॉर्मवर नाव नाही, फक्त नंबर. कुणी काय लिहिलं ते गुप्त राहावं म्हणून. नंबर आणि नावांची यादी वेगळी. फक्त वेगळी म्हणजे त्याच पिशवीच्या वेगळ्या कप्प्यात.

छत्तिसावा फॉर्म आमच्याच घरातला होता. माझ्या वडिलांचा. बाबा गिरणीच्या साचेखात्यात होते, तीस वर्षं मागावर उभे राहिले. लुमांच्या आवाजात कान गेलेत त्यांचे थोडे, पण आपल्याला हवं ते ऐकू येतं. मुलगी म्हणाली, "पप्पा, आजोबांना मी विचारलं तर ते मस्करीत घालवतील. तू विचार. फक्त वाचून दाखव, सुचवू नकोस. ते म्हणतील तिथेच टिक."

मी बसलो. खरंच बसलो होतो. गॅलरीत त्यांची प्लास्टिकची खुर्ची, समोर मी स्टुलावर, मांडीवर फॉर्म. पहिला प्रश्न वाचला, "बाबा, तुम्हाला एकटं वाटतं?"

बाबा कठड्यापलीकडे बघत म्हणाले, "वाटता म्हणजे..."

एवढ्यात माझा फोन वाजला. गणपती मंडळाची मीटिंग सुरू झाली होती आणि मागच्या बैठकीचं इतिवृत्त माझ्याकडे होतं. त्या इतिवृत्ताशिवाय लालबागचं काय अडणार होतं कोण जाणे. मी म्हणालो, "कसलं एकटं! दोन खोल्यांत चार माणसं आपण, पाय पसरायला जागा नाही. कधीच नाही लिहितो."

"लिव," बाबा म्हणाले. "तू लिवशीत ता बरोबर."

मग दुसरा प्रश्न मी मोठ्याने वाचला नाही. तिसराही नाही. वरपासून खालपर्यंत 'कधीच नाही'च्या रांगेत वीस टिका केल्या, फॉर्म पिशवीत टाकला आणि जिना उतरलो. सगळं मिळून एक मिनिट लागलं असेल.

दुसऱ्या दिवशी मुलगी कॉलेजला गेली, पिशवी कपाटावर राहिली, आणि माझ्यातला क्लार्क जागा झाला. छत्तीस माणसांनी फॉर्म भरलाय आणि एकाकडेही प्रत नाही! दुकानातून झेरॉक्स काढून आणल्या, यादी बघून ज्याची त्याला घरी नेऊन दिली. "जपून ठेवा, परत मागणार आहेत," असंही सांगितलं. लोक खूश. एक काकी म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही आहात म्हणून आमचे कागद जाग्यावर आहेत." मी मान डोलावली. मुलीला सांगायचं राहून गेलं. एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं, असंही वाटलं.

तीन आठवडे गेले. दुसऱ्या फेरीच्या वेळी मुलीची परीक्षा होती, म्हणून तिने फॉर्म घरोघरी दिले आणि दुसऱ्या संध्याकाळी गोळा केले. एकही उरला नाही, कुणी कुरकुर केली नाही. "पप्पा, आपल्या चाळीतली माणसं काय भारी आहेत!" ती म्हणाली. बाबांचा फॉर्म तिने पुन्हा माझ्याकडे दिला. मी फाइलमधून माझी झेरॉक्स काढली, समोर ठेवली आणि वीस टिका उतरवल्या. बाबा तेव्हा खाली गेले होते. त्या तीन आठवड्यांत त्यांचा साचेखात्यातला शेवटचा दोस्त मुलाबरोबर बदलापूरला राहायला गेला होता. चाळीच्या ओट्यावर रोज पाच ते सात बसणारे ते दोघंच उरले होते. आता एक उरला. तरी बाबा पाचला खाली जायचे, ओट्यापर्यंत जाऊन सव्वापाचला वर यायचे आणि म्हणायचे, "फेरी मारून इलंय." हे मला दिसत होतं. दिसत होतं आणि मी टिका करत होतो.

मग एका दुपारी मुलगी घरी आली आणि चपला न काढता दारातच उभी राहिली.

"माझ्या गाइड मॅम म्हणाल्या, मी दुसऱ्यांदा गेलेच नाही. घरी बसून पहिल्या फॉर्मवरून उतरवले."

"असं कशावरून?" बायकोने विचारलं.

"दोन फेऱ्यांचा मेळ घातला की एक आकडा येतो. एकच्या जेवढा जवळ तेवढं चांगलं. पण माझा जवळपास एकच आला, आई. माणसं अशी नसतात. कुणाचा त्या दिवशी गुडघा दुखतो, कुणाचं सुनेशी वाजलेलं असतं. थोडं इकडेतिकडे व्हायलाच पाहिजे. छत्तिसांपैकी फक्त एक फॉर्म वेगळा आला. मॅम म्हणाल्या, हा एकच माणसाने भरल्यासारखा दिसतोय. समाधानकारक खुलासा दिला नाहीस तर मी सही करणार नाही. खोटी माहिती तयार केली असा अर्थ होतो, पप्पा. माझ्या नावावर."

मला आधी मॅमचा राग आला. पोरगी उन्हात दारोदार फिरली, आणि ही बाई म्हणते फिरली नाही! तावातावाने म्हणालो, "मी येतो कॉलेजला. मी साक्षीदार आहे. लोकांकडे झेरॉक्स आहेत!"

बायकोने भाजीची सुरी खाली ठेवली. "कसल्या झेरॉक्स?"

काही वाक्यं तोंडातून बाहेर पडताना माणसाला स्वतःलाच पहिल्यांदा कळतात. मी सांगितलं. दुकान, यादी, घरोघरी वाटप, 'जपून ठेवा, परत मागणार आहेत'.

"यादी पण बघितलीस?" मुलगी हळूच म्हणाली. "मी त्यांना शब्द दिला होता, कुणाला कळणार नाही म्हणून."

"त्याशिवाय कुणाची झेरॉक्स कुणाला देणार?" मी म्हणालो. उत्तर अगदी प्रामाणिक होतं. याहून वाईट उत्तर मला देता आलं नसतं.

बाबांच्या फॉर्मबद्दल मात्र मी बोललो नाही. एका वेळी एकच गुन्हा कबूल करावा असं मनाशी म्हटलं. वेगळ्या आलेल्या त्या एका फॉर्मचा शोध मी दुसऱ्या दिवशी लावला. तळमजल्यावरच्या काकांचा होता. त्यांच्या सुनेने झेरॉक्स डब्याच्या तळाला घातली आणि वर पोहे भरले. बिचाऱ्यांना दुसऱ्यांदा स्वतः विचार करावा लागला.

मुलीने मला झेरॉक्स परत गोळा करायला लावलं. मला वाटलं दहा मिनिटांचं काम. पहिल्याच दारात त्याच काकी आडव्या आल्या.

"कागद परत कशाला? आणि उद्या घर नाही लागलं तर? तुमच्या खोलीत येऊन राहू?"

"काकी, हा घराचा फॉर्म नाही. पोरीच्या कॉलेजचा आहे. वर लिहिलंय ना!"

"वरचं कोण वाचतं? तुम्हीच सांगता, डोकं चालवायचं नाही."

"बरं, पण उत्तरं तरी खरी लिहिलीत ना?"

काकींनी इकडेतिकडे बघितलं. त्यांचा मुलगा दुबईला आहे. फोन येतो, तोही गणपतीला. "खरी कशी लिहीन? एकटी आहे असं लिहिलं तर म्हणतील, हिला घर कशाला, मागे कोण आहे हिच्या? एकटं वाटतं का विचारलं तिथे मी सगळीकडे 'कधीच नाही' केलं. आणि तुमची पोरगी समोर बसलेली. तिच्यासमोर कुठे रडू?"

त्या दिवशी मी आठ-दहा दारं फिरलो आणि बहुतेक दारांत हेच, शब्द वेगळे. लॉटरीच्या भीतीने माणसांनी आपला एकटेपणा खोडून टाकला होता, आणि मी त्याची प्रत काढून त्यांना जपायला दिली होती. रोज पाच किलो कमी दाखवणारा काटा म्हणजे काय, ते मला जिन्यात नीट समजलं.

कॉलेजला मी मुलीबरोबर गेलो. खुलासा लेखी लिहून नेला होता, सहीसकट. मॅमना दिला, आणि सवयीने दुसरा कागद काढून म्हणालो, "ही आपल्या माहितीसाठी त्याची झेरॉक्स."

मुलीने डोळे मिटून घेतले. मॅम हसल्या नाहीत. खुलासा त्यांनी दोनदा वाचला. म्हणाल्या, "तुमच्या मुलीवर मी संशय घेतला याचं मला वाईट वाटतं. पण ही माहिती वापरता येणार नाही. पहिली फेरीही नाही. लोकांना जाऊन सांगावं लागेल की त्यांचे फॉर्म दुसऱ्याने पाहिले. नव्याने संमती घ्यायची, हे घराच्या अर्जाचं नाही हे समजावून सांगायचं, समोर बसून विचारायचं, आणि मधे पुन्हा तीन आठवडे." म्हणजे या सत्रात प्रबंध जाणार नव्हता. तिच्या मैत्रिणी पुढे जाणार, ती मागे राहणार.

मग मॅमनी एक फॉर्म बाजूला काढला. "आणि हा छत्तीस नंबर. यात सगळ्या खुणा एकाच रांगेत आहेत. काही प्रश्न आम्ही मुद्दाम उलटे घालतो. 'मला एकटं वाटतं' याला 'कधीच नाही', ठीक. पण 'माझ्या मनातलं ऐकायला कोणीतरी आहे' यालाही 'कधीच नाही'? दोन्ही एकदम खरं कसं असेल? प्रश्न न वाचता भरलाय. कुणाचा हा?"

मुलीला नंबर पाठ होता. ती माझ्याकडे बघत होती. मी भिंतीवरचं वेळापत्रक वाचायला लागलो.

"बघते मी, मॅम," ती म्हणाली.

बसमधून परत येताना तिने दोघांची तिकिटं काढली आणि माझ्या पुढच्या सीटवर जाऊन बसली. परळचा पूल गेला, मी म्हणालो, "ऊन किती आहे ना." तिने मान हलवली. पोरगी भांडली असती तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर तिने कोरा फॉर्म घेतला आणि गॅलरीत बाबांच्या पायाशी बसली. "आजोबा, हा माझ्या अभ्यासात घेणार नाही, घरातलं माणूस आधीच घ्यायला नको होतं. पण मला तुम्हाला विचारायचंय. मस्करी नाही करायची."

मी आतल्या खोलीत पेपर उघडून बसलो. आमच्या गॅलरीतलं आत ऐकू येतं. चाळीत ऐकू न येण्याची सोय नाही. ती एकेक प्रश्न वाचत होती, मोठ्याने, कानांत जाईल असा. आणि वाचून झालं की गप्प राहत होती. ते गप्प राहणं मला पेपराआडून मोजता येत होतं. मी कधी कुणाला एवढा वेळ दिला नव्हता.

"एकटं वाटतं, आजोबा?"

बराच वेळ काही नाही. मग बाबा म्हणाले, "लूम चालत होते तेव्हा नाय वाटला. आता वाटता. बऱ्याचदा लिव."

"मनातलं ऐकायला कोणी आहे?"

"आसत ना घरात सगळी." पुन्हा थांबले. "पण ती घाईत आसतत. कधीच नाय लिव. तुझ्या बापसाक दाखव नको."

तिने दाखवला नाही. मी उठून तिच्या हातून मागून घेतला. मी भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स आणि हा, दोन्ही शेजारी धरले. वीसपैकी बहुतेक उत्तरं वेगळी होती. जुळली ती फक्त उलट्या प्रश्नांची. न वाचता, मीटिंगच्या घाईत ठोकलेल्या त्या तीन-चार टिकाच काय त्या खऱ्या निघाल्या. बाबांच्या नावावर दोन्ही वेळा तेच उत्तर आलं होतं, कारण दोन्ही वेळा उत्तर देणारा मीच होतो.

"आजोबांना विचारलंच नव्हतंस ना?" मुलगी म्हणाली.

"पहिला प्रश्न विचारला होता."

"उत्तर ऐकलं होतंस?"

मी नाही म्हणालो. तिने फॉर्म माझ्या हातून घेतला, घडी केली आणि आपल्या वहीत ठेवला. मला रागावायचं काम तिने तेवढ्यावरच सोडून दिलं.

पाच वाजले. बाबा चपला घालून खाली गेले. यावेळी मीही मागोमाग उतरलो. ते ओट्यावर टेकले, मी शेजारी. बाबांनी माझ्या हातांकडे पाहिलं, मग खिशाकडे.

"काय रे? कसलो फॉर्म आसा?"

"फॉर्म नाही बाबा. असाच आलो."

"मग सही खय करूची?"

"कुठेच नाही. बसलोय."

ते जरा सरकले, मला नीट टेकता यावं म्हणून. त्यांचा दोस्त बसायचा ती जागा असावी. दगड तिथे गुळगुळीत होता. समोरच्या टॉवरच्या बांधकामाची क्रेन फिरत होती. बाबांनी बोटाने दाखवलं, तिथे त्यांच्या खात्याचा जिना होता. मी शंभर वेळा ऐकलेलं. यावेळी मधे बोललो नाही. मंडळातून फोन आला, तो वाजून वाजून थांबला. सात वाजता आम्ही दोघं जिना चढलो, बाबा पुढे, मी मागे.

बायको दारात उभी होती. तिने बाबांच्या हातून चपला घेऊन कोपऱ्यात ठेवल्या, ते आत जाईपर्यंत थांबली. मला वाटलं, आता काहीतरी बरं बोलेल. चेहराही तसाच केला असावा मी, कारण तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली,

"एकदा बसलात म्हणून काही सिद्ध होत नाही. तीन आठवड्यांनी बघू, तेच उत्तर येतं का. आणि अहो, मधले दिवस सोडायचे नाहीत हां."